साहेबांसमोर न दुखणारा गुडघा

जानेवारीतला शेवटचा रविवार, सकाळ. शहापूरच्या एका हॉलमध्ये माजी सैनिकांची आरोग्य तपासणी. हजर : हाडांचे डॉक्टर, कर्नलसाहेब, त्यांच्या बाईसाहेब, निवृत्त जवान, त्यांतलेच माझे मालक, म्हणजे नवरा, आणि मी. अंगणवाडीत हजेरी घेते, त्यामुळे कोण कुठे बसलंय ते आधी बघते. साहेब आणि बाईसाहेब डॉक्टरांच्या शेजारी, गादीच्या खुर्च्यांवर. जवान भिंतीशी, उभे.

बाईसाहेबांनी उष्ट्या कपांचा ट्रे माझ्यापुढे धरला. "एवढे विसळून आण गं."

अंगावर इस्त्रीची साडी होती. खांद्याला पर्स. तरी त्यांना मी कामवालीच दिसले. आणि मी ट्रे घेतला. आमच्या वाडीतल्या आयाबाया दुसऱ्यांची भांडी घासत म्हाताऱ्या झाल्या. हात आपोआप पुढे गेला.

मालक आणि कर्नलसाहेब एकाच कमांडो तुकडीतले. एकाच विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारलेले. दोघांचेही गुडघे त्या उड्यांनीच गेले. पण साहेबांच्या दुखण्याची बडदास्त असते. मुरबाडजवळ त्यांचं फार्महाऊस आहे, तिथे कल्याणहून फिजिओथेरपीवाला येतो. शेकायचं मशीन आहे. गुडघ्याला मऊ पट्टा आहे. आमच्या वैशाखरे गावातल्या घरात बामची डबी आहे. त्यांच्या बंगल्याचा मला कधी हेवा वाटला नाही. त्या पट्ट्याचा वाटला. जळले मी. मघाशी तपासताना डॉक्टरांनी गुडघा दाबल्यावर साहेब "आई गं" म्हणाले, त्या "आई गं"वरसुद्धा जळले.

मग मालकांचा नंबर आला. डॉक्टरांनी गुडघा दाबला. "दुखतं?"

मालकांनी डॉक्टरांकडे बघितलंच नाही. साहेबांकडे बघून छाती काढली. "नो सर! एकदम फिट!"

घरी हाच माणूस मोरीतून उठताना दाराची कडी धरतो.

साहेब खूश. "बघा डॉक्टर, हा माझा वाघ!"

बाईसाहेब माझ्याकडे वळल्या. "तुमची माणसं काटकच असतात. आमच्यासारखी नाजूक नसतात."

मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची चिठ्ठी इथेच मिळणार होती. डॉक्टर पुढचं नाव पुकारत होते. मी ट्रे बाईसाहेबांच्या मांडीवर ठेवला.

"साहेब, तुमी जरा भायेर बसा."

"मी?"

"हो, तुमी. तुमच्यासमोर यांना दुखायचं नाय. तुमीच तसं शिकवलंय."

मालक दात आवळून म्हणाले, "गप गो! लाज काढतेस?"

"तुमीच गप ऱ्हावा. उद्या तुमाला मलाच उचलायचंय."

साहेब लाल झाले. काठी टेकत बाहेर गेले. डॉक्टरांनी मालकांना उकिडवं बसायला सांगितलं. ते बसले. उठता येईना. दोन जवानांनी काखेत हात घालून उठवलं, तेव्हा चिठ्ठी मिळाली. कप कोणी विसळले, मला माहीत नाही.

परतीच्या एसटीत मालक खिडकीबाहेर बघत होते. मुरबाड आल्यावर एकच बोलले, "साहेबांपुढं इज्जत घालवलीस माझी."

"घालवली. तुमच्या पायाला तसाच पट्टा येईपर्यंत रोज घालवीन."

हॉस्पिटलची तारीख मिळाली आहे. एक्स-रे काढून झाला. सोबत कोण येणार, तेही ठरलं. मी. आत मी बसणार, कोणी साहेब नाही. एक काम राहिलंय. "दुखतं" हा शब्द मालकांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारायचाय. रोज सकाळी चहा देताना विचारते. अजून त्यांनी तो उच्चारलेला नाही.