ठोकून बघणारे काका

इंदिरानगरातले आमचे शेजारी कुठलीही वस्तू हाती आली की बोटाच्या पेराने ठोकत आणि कान देत. सातपूरच्या कारखान्यात ओतीव माल तपासण्यात त्यांची हयात गेली होती. तडा असला की आवाज बद्द येतो. चहाचा कपसुद्धा ते ठोकल्याशिवाय तोंडाला लावत नसत.

ते निवृत्त झाले आणि कारखान्याचा दवाखाना त्यांना नि दमेकरी काकूंना बंद झाला. माणूस पिळून घ्यायचा आणि म्हातारपणी रस्ता दाखवायचा, असं मी आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकात लिहिलं. काका म्हणाले, "पत्रकानं खोकला थांबतो का रे? चल, विम्याचे भाव काढू."

एजंटामागून एजंट झाले. भाव सगळीकडे तोच, आणि जुना आजार सगळीकडे वगळलेला. शेवटचा एजंट जरा दयाळू निघाला. "दमा लिहिलात तर छातीसाठी छदाम मिळणार नाही. लिहूच नका. काकू, तुम्हाला काही त्रास नाही ना?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. खोकला दाबून त्यांचे डोळे भरले होते. प्रामाणिकपणावर पानंच्या पानं लिहिणारा मी मनात म्हणत होतो, काका, आज गप्प बसा.

काकांनी टेबलावर पेर आपटलं. "खोक," ते काकूंना म्हणाले. "तडा गेलेला माल मी कधी पास केला नाही."

काकू खोकल्या, त्या थांबेचनात. एजंटाने कागद मिटले. काका मान कलती करून ऐकत राहिले.