आईचा पांढरा स्कार्फ

ओकच्या ओल्या पानांचा वास आला की माझे खांदे आजही आखडतात. आज सकाळी जंगलाच्या पार्किंगमध्ये 'वाटांवर शिकारीच्या इशाऱ्याच्या पाट्या लावा' अशी पत्रकं वाटताना तसंच झालं.

मी तेव्हा शाळेत होते आणि पेनसिल्व्हेनियात आम्ही नवे होतो. तपकिरी कोट, डोक्याला पांढरा स्कार्फ, अशी आई वाकून कढीपत्त्याच्या कुंडीसाठी पालापाचोळा गोळा करत होती. मी पिशवीचं तोंड धरलं होतं. हरणांच्या शिकारीचा सीझन असतो, हे आम्हाला कोण सांगणार? वाटेवर साधी पाटीसुद्धा नव्हती.

"मॅम, डोक्यावरचं ते पांढरं काढा. प्लीज."

झाडाआड नारिंगी जॅकेट घातलेला माणूस उभा होता. बंदूक खाली धरलेली. तो इतक्या जवळ येईपर्यंत एक पानही वाजलं नव्हतं.

आईला वाटलं, जंगल त्याच्या मालकीचं. "सॉरी सर, फक्त पालाच घेतलाय," म्हणत ती पिशवी रिकामी करू लागली.

"मला हरणाची पांढरी शेपटी वाटली," तो म्हणाला. "मी नेम धरला होता."

त्याची ती चोरपावलं आठवून मला कित्येक वर्षं घाम फुटायचा. आता कळतं, थोडं चालायचं, थांबायचं, पूर्ण जनावर दिसेपर्यंत नुसतं बघायचं, ही त्याची शिकारीची पद्धत होती. त्या थांबण्यानेच आई वाचली.

शिकार मला अजूनही पटत नाही. पण प्रत्येक बंदूकवाला असाच थांबेल, असं धरून पाटीशिवाय वाटा उघड्या ठेवणाऱ्यांना मी एवढंच विचारते: तुमची आई जाते का इथून?