सव्वापाचच्या गाडीआधीचे सिनेमे

गेल्या महिन्याभरात मी नऊ सिनेमे पाहिले आणि त्यातले सात मला आवडले नाहीत. निवृत्तीनंतर बापाचं मन रमावं म्हणून थोरल्यानं भिंतीवर भलामोठा टीव्ही लावून दिला, त्यामुळे आता माझ्याकडे वेळ, टीव्ही आणि मतं या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत.

एका सिनेमात दोन तास सगळे अंधारात कुजबुजत होते. आमच्याकडे वीज जाते म्हणून अंधार असतो, यांच्याकडे दिग्दर्शकाची मर्जी म्हणून. दुसऱ्यात खून कुणी केला ते मी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं होतं. तो निघाला दुसऱ्यानेच केलेला, पण त्यात माझी चूक नाही, ज्याला मी धरलं होतं त्याचा चेहरा खुन्यासारखाच होता. तिसरा सिनेमा दुष्काळावर होता. त्यातल्या जमिनीच्या भेगा एखाद्या चांगल्या गवंड्यानं पाडाव्यात तशा एकसारख्या होत्या, आणि शेतकऱ्याच्या खांद्यावरचा पंचा नुकताच घडी मोडलेला. नायिका डोक्यावर दोन घागरी घेऊन टेकडी उतरत होती. पाठीमागे सनई वाजत होती. मला गहिवरून येण्याच्या बेतात होतं, तेवढ्यात शेजारी शेंगा फोडत बसलेली बायको म्हणाली की घागरी रिकाम्या आहेत. कशावरून, म्हणून विचारलं, तर म्हणाली, मान बघा तिची.

सिनेमाबद्दल तिचं मत एवढंच असतं. गोष्ट कुठलीही असो, ती घागरी, बादल्या, डोक्यावरचं गवत, हातातली पिशवी बघते आणि भरलेली की रिकामी ते सांगते. बहुतेक वेळा रिकामीच असते. एवढ्या मोठ्या टीव्हीवर एवढंच बघायचं असेल तर कठीण आहे, असं मी थोरल्याला फोनवर बोललोही होतो.

माझं तसं नाही. पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावात सिनेमाबद्दलचा शेवटचा शब्द तीस-एक वर्षं माझा होता. मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव. आठवड्याचे कागद दर शनिवारी बीडला दूध संघाच्या कचेरीत नेऊन द्यायचे, हे माझं काम. अडीचपर्यंत ते उरकायचं. तीनला टॉकीजमध्ये खेळ लागायचा. टॉकीजपासून एस.टी. स्टँड हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या गावाची शेवटची गाडी सव्वापाचला.

इथेच सगळी गोम होती. तीनचा सिनेमा सहाला सुटतो आणि सव्वापाचची गाडी सव्वापाचला सुटते. एस.टी. आयुष्यात फक्त याच बाबतीत वेळ पाळायची. ती चुकली तर पाटोद्यापर्यंत दुसरी काहीतरी मिळायची, पण तिथून पुढे आठ किलोमीटर पायी. एका शेवटासाठी आठ किलोमीटर चालणं मला कधी पटलं नाही. त्यामुळे गाडीत जागा धरायची म्हणून पाचला पाच कमी असताना मी लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर पडायचो. खलनायक मरतो की तुरुंगात जातो, हरवलेले भाऊ एकमेकांना ओळखतात की नाही, यातलं काहीही मला बीडच्या टॉकीजनं कधी कळू दिलं नाही. मी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमात नायिकेच्या बापाचा विरोध कायम आहे.

पण शेवट माहीत नाही म्हणून कुणी मत द्यायचं थांबतं का? गाडीत बसलं की डोंगरकिन्हीच्या पुढे खड्डे वाढायचे, झोप लागायची नाही, आणि तेवढ्या वेळात मी शेवट तयार करायचो. रविवारी सकाळी संकलन केंद्रावर लोक चरव्या घेऊन रांगेत उभे असत. दुधाची फॅट तपासायला वेळ लागतो. तेवढ्यात मी पूर्ण सिनेमा सांगायचो, शेवटासकट, आणि वर तो बघण्यासारखा आहे की नाही तेही. माझे शेवट चांगले असत. त्यात उगाच कुणी मरायचं नाही.

एकदाच अडचण झाली. सोसायटीचे चेअरमन जीपनं बीडला गेले आणि मी सांगितलेला एक सिनेमा सहा वाजेपर्यंत बसून बघून आले. रविवारी केंद्रावर येऊन ते चारचौघांत म्हणाले की हीरोचं लग्न वगैरे काही होत नाही, तो मरतो. मी शांतपणे म्हणालो की माझ्या माहितीप्रमाणे जगतो. रांगेतले निम्मे लोक चेअरमनच्या विरोधी गटातले. त्यातल्या एकानं सुचवलं की वाद कशाला, सहकारी संस्था आहे, हात वर करून घ्या. घेतले. हीरो जिवंत आहे असं भरघोस मतांनी ठरलं. सोसायटीच्या इतिहासात चेअरमन हरले ते एवढ्या एकाच ठरावावर. पुढे कितीतरी दिवस ते मला एकट्याला गाठून सांगायचे की जिवंत तर जिवंत, पण मी त्याला जळताना बघितलंय. मला त्यांची दया यायची, पण बहुमतापुढे माझाही इलाज नव्हता.

मग एका वर्षी मोठा दुष्काळ आला. जनावरं चारा छावणीत गेली, छावणी चालवायला चेअरमनला मिळाली, आणि केंद्रातले दुधाचे कॅन पालथे घालून त्यांवर लोक बसायला लागले. दूध नव्हतं, पण आज दूध आलं नाही असं लिहिलेला कागदसुद्धा शनिवारी बीडला पोचावाच लागे. त्यामुळे माझं काम थांबलं नाही. खरं सांगायचं तर त्या वर्षी मी सगळ्यात जास्त सिनेमे पाहिले.

बायको त्या वर्षी पाणी भरत होती. चार दिवसांआड टँकर यायचा आणि विहिरीत ओतून निघून जायचा. मग साठ-सत्तर बाया काठावर उभ्या राहून शेंदायच्या. ती पहाटे जाऊन रांगेत भांडं ठेवायची, घरी येऊन भाकरी थापायची, परत जायची. दोन्ही पोरं लहान होती, माझी आई अंथरुणाला खिळलेली. मी मदत करायला नको म्हणायचो नाही, पण सोसायटीचा सचिव बायांच्या रांगेत उभा राहिला तर बरं दिसलं नसतं, असं तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटायचं.

अशात तिच्या मामानं बीडहून नर्सच्या कोर्सचा फॉर्म पाठवला. मामाकडेच राहून ती दहावी झाली होती, चांगल्या मार्कांनी. कोर्स दीड वर्षाचा, राहायचं तिथल्याच वसतिगृहात, पुढे सरकारी दवाखान्यात नोकरी. वयाच्या अटीत ती त्या एकाच वर्षी बसत होती, पुढच्या वर्षी बाद. पोरांना मामी सांभाळते म्हणाली होती. फॉर्म सोमवारपर्यंत द्यायचा होता. तिनं तो भरून गुरुवारी माझ्यापुढे ठेवला, फक्त नवऱ्याची सही राहिली होती. मी म्हणालो, बघू.

सहकारात बघू म्हणजे विषय पुढच्या सभेवर. नाही म्हणणं नव्हे, हे मला नीट नोंदवून ठेवायचं आहे. मी बायकांच्या शिक्षणाच्या बाजूचा माणूस. बीडला दूध संघाच्या एका मेळाव्यात मी या विषयावर पाच मिनिटं बोललोही होतो. माझ्यापुढे प्रश्न एकच होता, की ती गेली तर पाणी कोण भरणार.

त्या शनिवारी मी बीडला गेलो, आणि टॉकीजला नेमका असा सिनेमा लागला होता की माझाच विश्वास बसेना. खेड्यातली एक लग्न झालेली बाई शहरात टेलिफोनवर नोकरी करायला जाते. नवरा मागे राहतो, मूल मागे राहतं. बाई शहरात रुळते, हसायला लागते, छत्री वगैरे घेते. मग घरून पत्र येतं की मूल आजारी आहे. ती पत्र्याची पेटी भरते आणि स्टेशनवर येऊन बाकावर बसते. हातात पत्र, समोर गाडी. तेवढ्यात माझ्या घड्याळात पाचला पाच कमी झाले.

संध्याकाळी मी चुलीपुढे पाटावर बसलो तेव्हा बायको भाकरी थापत होती. सिनेमा कुठला होता म्हणून तिनं विचारलं. एरवी विचारायची नाही. मी बाकापर्यंतची गोष्ट सांगितली. ती थापायची थांबली आणि म्हणाली, मग काय केलं तिनं?

मी सांगितलं. ती घरी आली. मूल गळ्यात पडलं आणि ताप तिथल्या तिथे उतरला. नवऱ्यानं एक शब्द वाईट काढला नाही. मग तिनं नोकरीचा कागद स्वतःच्या हातानं चुलीत घातला आणि पुन्हा कधी गाव सोडलं नाही. वर एक गाणंही होतं म्हणून सांगितलं. गाडीत खड्डे मोजत तयार केलेल्या शेवटांतला तो माझा सर्वांत चांगला शेवट असावा, कारण सांगताना माझाच आवाज भरून आला.

बायको बरं म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली. सोमवार आला आणि गेला. फॉर्म ट्रंकेत तिच्या लग्नातल्या शालूखाली राहिला. मंगळवारी टँकर आला. पुढची कितीतरी वर्षं, बायकांच्या नोकरीचा विषय निघाला की मी चार लोकांत अभिमानानं सांगायचो की मी घरात कधी नाही म्हटलं नाही. ती ऐकत असायची आणि काही बोलायची नाही. मला ती दाद वाटायची.

मागच्या रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला. बायको शेंगा भरलेलं सूप मांडीवर घेऊन बसली होती. पहिला अर्धा तास मला ओळखू आला नाही, छत्री आली तेव्हा ओळखलं. पुढे काय येणार ते कळल्यावर मी रिमोट शोधायला लागलो. तो तिच्या सुपाच्या पलीकडे होता. मी दुसरं काही लावू का म्हणून विचारलं. असू द्या, म्हणाली. टेलिफोनवाली हीच ना, म्हणाली.

म्हणजे तिच्या लक्षात होतं.

बाई बाकावर येऊन बसली. हातात पत्र, समोर गाडी. गंमत म्हणजे, माझे पाय आपोआप उठायच्या बेताला आले. पण आता कुठली गाडी गाठायची नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या बाकानंतरचाही सिनेमा बसून बघावा लागला. बाई घरी गेली. पोराच्या उशाशी चार रात्री जागली. ताप तिथल्या तिथे वगैरे काही उतरला नाही, औषधानं उतरला. नवरा अबोला धरून होता. पाचव्या दिवशी तिनं परत पेटी भरायला घेतली.

बायकोचे हात सुपात थांबले होते. टीव्हीकडे बघतच ती म्हणाली, "ह्यो शेवट तुमी बघितलाच न्हवता."

मी म्हणालो, "तुला कसं म्हाईत?"

"दहावी मी बीडात केली. तीनचा खेळ सहाला सुटतो. अन् तुमी दर शनवारी सातला पाटावर बसलेले असायचे."

तीस वर्षं एवढ्या मोठ्या रांगेला, चेअरमनला, आख्ख्या सोसायटीला जे कळलं नव्हतं, ते माझ्या घरात सुरुवातीपासून माहीत होतं. मला चिडायला हवं होतं, पण लाज वाटली. तरी मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना.

"खोटं हाय म्हाईत होतं, तर मग त्या टायमाला गप कावून बसलीस?"

तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, फोलपट बाजूला ठेवलं.

"सिनेमातला शेवट खोटा होता," ती म्हणाली. "तुमच्या मनातला खरा होता. मला त्योच इचारायचा होता."

यावर माझ्याकडे मत नव्हतं. सही मागणारा तो कागद मला आठवला, त्यावरचं तिचं अक्षर आठवलं, खाडाखोड न केलेलं. नाही म्हणालो असतो तर निदान ती भांडली असती. मी तेवढीही सोय ठेवली नव्हती.

टीव्हीवर स्टेशन आलं. नवरा अखेर पोराला कडेवर घेऊन पोचवायला आला होता. गाडी लागली. बाईनं पत्र्याची पेटी उचलली आणि दारातल्या पायरीवर पाय ठेवला. काहीतरी बोलून ती दुपार सावरायला हवी होती, म्हणून मी बायकोचंच वाक्य तिला दिलं. पेटी रिकामी दिसतेय, असं म्हणालो.

तिनं नेहमीसारखं निरखून बघितलं. बाईचा खांदा बघितला, मनगट बघितलं, वाकलेली मान बघितली.

"न्हाई," ती म्हणाली. "भरलेली हाय."