शाळेच्या टाकीचं पाणी

“न्हाई सायब, टाकी गळली न्हाई. उपसली. म्या डोळ्यानं बघितलंय.”

“मावशी, कागद तयार आहे. अंगठा द्या. आम्हाला अंधार पडायच्या आत लातूरला पोचायचंय.”

“त्यात काय लिवलंय ते पुन्यांदा वाचा की.”

नव्या जिल्ह्याच्या गावाहून जीपमध्ये आलेल्या साहेबांनी कंटाळून परत वाचलं. शाळेची पाण्याची टाकी जुनी होती, तळाला चीर पडून रिकामी झाली, शिपायाने वेळेवर कळवले नाही. शिपाई म्हणजे बसम्माच. हातात झाडायचा फडा घेऊन ती ऑफिसच्या दारात उभी होती.

“मंजी समदं माझ्यावरच. आन् ती पोरगी मेली ते?”

“त्याचा याच्याशी संबंध नाही.”

हेडमास्तर पंढरी गुरुजी हजेरीपटावरची धूळ बोटानं पुसत बसले.

गाव उदगीरच्या पल्याड, कर्नाटकाच्या शिवेला. लातूर जिल्हा होऊन वरीस उलटलं होतं आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्या साली दडी मारली होती. आडात खडक उघडा पडला होता. चौथ्या दिवशी टँकर यायचा. निम्मं पाणी आडात ओतायचा, निम्मं शाळेच्या सिमेंटच्या टाकीत. पाण्याच्या ओढीनं तरी लेकरं शाळेत येतील म्हणून वरून तसा हुकूम होता. टाकीला कुलूप आणि किल्ली बसम्माच्या कमरेला.

तिचा नवरा सिद्रामप्पा याच शाळेत शिपाई होता. काविळीनं गेला, त्याच्या जागेवर हिला घेतलं, त्याला चौदा वर्षं झाली. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. पूजा झाल्याशिवाय चहाचा घोट घ्यायची नाही. पहिल्या वर्षी तीसुद्धा मांगवाड्यातल्या लेकरांच्या ओंजळीत लांबून, वरून पाणी सोडायची. तपासणीला आलेल्या एका बाईंनी सगळ्यांदेखत तिला झापलं. सरकारच्या घरात हे चालायचं नाही म्हणाल्या. बसम्मा दोन दिवस धुसफुसली. पण नोकरी पाहिजे होती, म्हणून सगळ्यांची रांग एक केली. आधी हाताला सवय झाली. मनाला कधी झाली ते तिलाही सांगता आलं नसतं.

आषाढ कोरडा गेला तेव्हा गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. गाभारा पाण्यानं भरायचा, पिंड बुडवायची, दाराला मातीचा बांध घालायचा. देवाचा जीव घुसमटला की तो पाऊस सोडतो. बसम्माच्या आईनं, आजीनं डोक्यावर घागरी वाहिलेल्या. पण तेव्हा पाणी आडाचं असायचं. यंदा आड आटला, म्हणून देवळाचा पंच, किराणा दुकानवाला शिवमूर्ती सोमवारी सकाळीच शाळेत आला.

“बसम्माक्का, किल्ली दे.”

“कामून वो अप्पा?”

“देवाला पाणी पायजे. आन् घागरी न्यायला लेकरं बी पायजेत. लेकराच्या हातचं देवाला लवकर पावतंय.”

“समदीच लेकरं?”

“आता ते बी सांगावं लागंल का?” शिवमूर्ती हसला. “आपली.”

प्रार्थना आटोपल्यावर गुरुजींनी तशीच रांग लावली. देवळात चालणारी इकडं, न चालणारी वर्गात. मैनोद्दीन, दगडोबा मांगाची सुगंधा अशी न चालणारी अकरा लेकरं निघाली. सुगंधा चौथीतली. तिला घागर न्यायची भारी हौस. दोनदा ती रांगेत येऊन उभी राहिली आणि दोनदा गुरुजींनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

बसम्मा पुढं झाली. “गुरुजी, परवाच तुमी वर्गात सांगूलालते, सरकारला धर्म नसतो म्हणून. म्या व्हरांडा झाडत ऐकलं की.”

“ते पुस्तकातलं आहे, बसम्मा.”

“मंग पुस्तक कुणाचं? सरकारचंच न्हवं? आन् हे लेकराच्या तोंडचं पाणी हाय. टँकर गुरवारी. तवर काय पाजू?”

“मला या गावात राहायचंय बाई.”

“बरं, असं करा. किल्ली द्या म्हणून लिवून द्या. खाली सही करा. लगीच देते.”

वाचता येत नसलं तरी कागदाला सगळे कसे भितात ते चौदा वर्षांत तिनं पाहिलं होतं. गुरुजींनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं.

“देवाला नडूलालीस व्हय गं?” शिवमूर्ती ओरडला. “गळ्यात लिंग बांधून?”

“लिंग माझ्या गळ्यात हाय, अप्पा. शाळेच्या गळ्यात न्हाई.”

त्यानं पहार मागवली. कुलूप दोन घावांत तुटलं.

दिवसभर लेकरं घागरी वाहत राहिली. शिवमूर्तीनं गाभाऱ्याचं गोमुख काळ्या मातीनं घट्ट बुजवलं होतं, पाणी बाहेर जायला वाट ठेवली नव्हती. पण दोन सालांच्या उन्हानं फरशीच्या सांध्यातल्या चुन्याचा भुगा झाला होता, तिकडं त्यानं बघितलंच नाही. पाणी खालच्या खाली जमिनीत मुरत गेलं. चाळीस घागरी ओतल्या, पिंडीच्या बुडाला नुसती ओल. देव पितोय म्हणाला शिवमूर्ती, आणा अजून. दुपार कलली तेव्हा टाकीचा तळ लागला आणि पिंड होती तशी उघडी.

गुरुवारी टँकर आला नाही. त्याचा कागद जुन्या जिल्ह्यात अडकलाय का नव्या, ते कुणालाच धड सांगता येईना. ज्यांच्या घरी रांजण होते त्यांचं भागलं. मांगवाड्याला आडावर नंबर शेवटचा, आणि तोवर आडात चिखल उरायचा. मधल्या सुट्टीत सुगंधा शाळेमागच्या खदानीत उतरली आणि तिथलं हिरवं पाणी ओंजळीनं प्याली. बसम्मानं वरून हाक मारली तेव्हा ती तोंड पुसत वर येत होती. शुक्रवारी तिला वांत्या-जुलाब लागले. शनिवारी दगडोबानं तिला बैलगाडीत घालून उदगीरला काढलं. उदगीर दिसायच्या आधीच गाडी मागं वळवावी लागली.

“संबंध न्हाई कसा म्हंता, सायब?” बसम्मा दारातून हलली नाही. “टाकीत पाणी असतं तर ती खदानीत कशाला उतरली असती?”

साहेबांनी आवाज खाली आणला. “हे बघा, सरकारी शाळेत धर्माचं काम करता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ते कागदावर आलं की प्रकरण मुंबईपर्यंत जाईल. हेडमास्तर जातील, पंच अडकतील, गावात दोन तट पडतील.”

“ठाऊक हाय न्हवं? मंग तेच लिवा. महादेव कोंडायला पाणी नेलं, गुरुजींनी लेकरं दिली. खाली सुगंधाचं नाव घाला. मी दोन्ही हाताचे अंगठे देते.”

“नाही दिलात तर ठपका तुमच्यावरच येणार. नोकरी जाईल.”

व्हरांड्यात बसलेल्या शिवमूर्तीला राहवलं नाही. “दे अंगठा, बसम्माक्का. उद्या तुझ्या मयतीला जंगम येऊ द्यायचा का न्हाई, ते आमालाच ठरवावं लागंल.”

“नका येऊ देऊ. मेल्यावर मला काय कळूलालंय?”

शाईचा पॅड टेबलावर उघडा होता. बसम्मानं त्याच्याकडं बघितलं. एकटीच्या भाकरीचा प्रश्न होता, म्हातारपण दारात होतं, आणि गावात दुसरं काम कुणी देणार नव्हतं. तिनं फडा या हातातून त्या हातात घेतला.

“माझ्याच्यानं व्हत न्हाई.”

साहेबांनी पॅड मिटला. कागदाखाली ‘शिपायाने अंगठा देण्यास नकार दिला’ एवढं लिहून सही केली. जीप धुरळा उडवत गेली, तिच्या मागोमाग शिवमूर्तीही पायऱ्या उतरला. आता बसम्माशी गावात कोण बोलतं ते बघतो, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला.

“बसम्मा,” गुरुजी मान वर न करता म्हणाले, “आठ दिवसांत हुकूम येईल तुझा.”

“येऊ द्या. तुमाला तरी झोप लागूलालीय का, गुरुजी?”

गुरुजींनी हजेरीपट उघडला, मिटला.

फाटकातून भोंगा वाजला. पाच दिवस उशिरानं टँकर आला होता. ड्रायव्हर नळी खांद्यावर टाकून ओरडत होता, “ए अव्वा, कुठं मेलीस? टाकी साफ हाय का? सोडू का पाणी?”

“थांब रे, बोंबलू नको. बुडाला बोटभर गाळ हाय,” बसम्मा म्हणाली. लुगडं वर खोचून, फडा घेऊन ती टाकीत उतरली.