सनदचा रावजी

बहरीनमध्ये बिल्डिंगीच्या राखणदाराला नातूर म्हणतात. आसपासच्या नातुरांना कुणी विचारलं, कुठं असता, तर ते "मनामा" म्हणून मोकळे होतात. त्यांचंही चुकत नाही, कारण हे राजधानीचं शहर कुठं संपतं हे आता कुणालाच नीट सांगता येत नाही. रावजी शिगवणला विचारून बघा. तो मान ताठ करून सांगेल, "सनद. मनामा नाय, सनद गाव."

तसं सांगायचा त्याला हक्कच होता. गुहागर तालुक्यातून हा माणूस ऐन तारुण्यात इथं आला, तो हज्जी मकींच्या खजुराच्या बागेत पाणी सोडायला. तेव्हा सनदमध्ये बुटकी घरं होती, बागा होत्या आणि एक गाडी जेमतेम निघेल अशा गल्ल्या होत्या. मग हायवे रुंदावला, पलीकडे मॉल उठला, व्हिला आल्या, फ्लॅट आले. शहर चहूबाजूंनी आत शिरलं. हज्जींच्या भावंडांत बागेच्या वाटण्या झाल्या आणि एका वाट्यावर सात मजली बिल्डिंग उभी राहिली. ज्या मातीत रावजीनं पाणी खेळवलं होतं, तिथंच तो नातूर झाला. हज्जी मात्र मागच्या गल्लीतल्या जुन्या घरातून हलले नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटायचं, सनद संपलं. रावजी रोज बघत होता, की ते संपलेलं नाही. गल्लीत कुणी वारलं की सगळ्या घरांची दारं उघडी राहत. लग्नाचं जेवण मोठाल्या देगांत गल्लीतच शिजे. रमजानात उपास सोडायच्या सुमाराला हज्जींच्या घरून गहू आणि मटण घोटून केलेल्या हरीसची वाटी न चुकता गेटावर येई. रावजीच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन सलमानियाच्या सरकारी दवाखान्यात झालं, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या केरळी माणसानं विचारलं होतं, "तुमारा इधर कौन है?" रावजी उत्तर द्यायच्या आत गल्लीतले तिघंचौघं डबे घेऊन वॉर्डात शिरले. "ये क्या," रावजी हसत म्हणाला, "मेरे गाववाले."

सनदची एक रीत रावजीला फार आवडायची. रमजानच्या मध्यावर, पुनवेच्या चांदण्यात, गावातली पोरं जरीचे कपडे घालतात, गळ्यात कापडी पिशव्या अडकवतात आणि ढोलकं वाजवत, गाणी म्हणत घरोघर फिरतात. घरातली माणसं त्यांच्या पिशव्यांत ओंजळीनं शेंगदाणे, अक्रोड, गोळ्या घालतात. याला गरगाऊन म्हणतात. बिल्डिंग झाल्यावरही पोरं जिन्यानं वर-खाली करत सगळ्या दारांवर जायची. पण गेल्या वर्षी झुबेर नावाचा नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, पण भाडेकरूंच्या तक्रारीला फार भ्यायचा. कुणाला तरी गोंगाट सोसला नाही आणि झुबेरनं पोरांना लिफ्टपासूनच परत पाठवलं. त्यानंतर चार दिवस हज्जी बिल्डिंगीकडे न बघता गेटावरून जात होते.

यंदा झुबेरनं आधीच बजावलं. "रावजी, बाहेरची पोरं आत नकोत. गेट बंद ठेवायचं."

"बाहेरची?" रावजी म्हणाला. "साहेब, बाहेरचे आपण. पोरं हितलीच हायत."

"खलास. आत कुणी येणार नाही."

त्याच दुपारी घरून काशीबाईचा, म्हणजे रावजीच्या बायकोचा, व्हिडिओ कॉल आला. यंदा शिमगा आणि रमजानचा मध्य एकाच पुनवेला येत होते, आणि पुनव दोन दिवसांवर होती. गावात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरत होती आणि आता ती त्यांच्याच अंगणात टेकली होती. काशीबाईनं फोन उंच धरला. ढोल घुमत होता. बायका देवीची ओटी भरत होत्या. पालखी उचलून ती पुढल्या घराकडे नेताना कुणीतरी ओरडलं, "अरे, वाडीच्या टोकाला नवीन बंगला झालाय, मुंबईकरांचा, तो ऱ्हायला!" लगेच पालखी उलटी फिरली आणि त्या बंगल्याच्या वाटेला लागली.

रावजीनं फोन ठेवला. मग उठून तो झुबेरच्या ऑफिसात गेला.

"साहेब, पोरं आत नाय येणार. पण बिल्डिंगवाले खाली उतरले तर?"

झुबेरला हसू आलं. "कोण उतरतंय इथं? शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं एकमेकांना. उतरले तर माझी ना नाही."

रावजीला तेवढं पुरे होतं. पुढचे दोन दिवस तो पाण्याचे बाटले पोचवताना, कचरा उचलताना एकेका दारावर थांबला. हिंदीत, मोडक्या अरबीत, जमेल तसं सांगत राहिला. इजिप्तच्या मास्तरांना सांगितलं, फिलिपिनो जोडप्याला सांगितलं. कुणी हो म्हणालं, कुणी बघू म्हणालं. चौथ्या मजल्यावर साताऱ्याकडची अपेक्षा राहायची, बँकेत नोकरीला. तिनं विचारलं, "काका, हे असतं तरी काय? आम्ही काय करायचं त्यात?"

"ताई, आपल्याकडं पालखी येते ना दारात? ज्या घरात पालखी जात नाय, ते घर गावाच्या हिशेबातच नाय. हिथं पोरं येतात. गेल्या साली आपलं घर वगळलं. मला नाय चाललं ते."

तिची मुलगी श्रेया मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. ती दाराआडून म्हणाली, "कॅन आय गो टू?"

"तू तर पयली पायजेस," रावजी म्हणाला.

पुनवेच्या संध्याकाळी उपास सुटल्यावर रावजीनं गेट सताड उघडलं आणि बाहेर फुटपाथवर टेबल मांडलं. शेंगदाणे त्यानं स्वतः भाजले होते. टोपलंभर होते, वर गुळाच्या चिक्कीचे तुकडे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. पण लिफ्टचं दार काही उघडेना. वर खिडक्यांत दिवे होते आणि खाली तो एकटाच.

गल्लीतून ढोलक्याचा आवाज आला. पोरांचा लोंढा वळणावर दिसला, पुढे काठी टेकत हज्जी मकी. पोरं आली, आणि गेल्या वर्षीची आठवण ठेवून बिल्डिंगीला वळसा घालून पलीकडच्या व्हिलाकडे निघाली. रावजीनं दोन्ही हात वर केले आणि बागेत असताना पाणी सोडल्यावर मारायचा तशी हाळी दिली.

"हज्जी! तआल! यल्ला, हिथं! हिथंसुद्धा घर हाय!"

अरबीत सुरू झालेलं वाक्य मराठीत संपलं. हज्जी थांबले. त्यांनी रावजीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि काठीनं पोरांना वळवलं. पोरं धावत आली. रावजीनं पहिल्या पिशवीत ओंजळ रिकामी केली तोच मागं पावलं वाजली. लिफ्टची वाट न बघता अपेक्षा जिन्यानं उतरत होती, हातात खाऊची परात. तिच्यापुढे श्रेया, परकर-पोलक्यात. मागून इजिप्तचे मास्तर, मग फिलिपिनो जोडपं बिस्किटांची खोकी घेऊन, मग ज्यांना रावजीनं कधी एकत्र उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं असे कितीतरी. बघता बघता टेबल पुरेनासं झालं. एका मुलीनं आपली जादा पिशवी श्रेयाच्या गळ्यात घातली आणि तिला हाताला धरून पोरांत ओढलं. श्रेयानं मागं वळून आईला हाक मारली, "आई, मी जाते गं!" आणि अपेक्षा बघतच राहिली.

झुबेर गेटात उभा होता. कधी आला कुणाला कळलं नाही. रावजीनं त्याच्यापुढे शेंगदाणे धरले. "साहेब, कंप्लेंट आली काय?"

"ज्यांनी करायची तेच खाली आलेत," झुबेर म्हणाला आणि त्यानं मूठ भरून घेतली.

पोरांतल्या एकानं हज्जींना विचारलं, हे घर कुणाचं? हज्जींनी त्या सात मजल्यांकडे नजर टाकली आणि रावजीच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं सांगितलं, "बैत रावजी." रावजीचं घर. रावजीची छाती भरून आली. इतक्या वर्षांत पगारवाढीनं, बढतीनं, कशानंच ती अशी भरली नव्हती. त्यानं नाक ओढलं आणि उगाच टोपल्यातले शेंगदाणे सारखे करत राहिला.

ईद झाल्यावर हज्जींनी त्याला मजलिसमध्ये बोलावून घेतलं, तिथं गावातली जाणती मंडळी बसतात. पुढच्या साली पोरांनी कुठून निघायचं याची बोलणी चालली होती. नव्या रस्त्यावर गाड्या फार, जुनी गल्ली अरुंद. कुणी काही सुचवत होतं, कुणी ते खोडत होतं. हज्जी रावजीकडे वळले आणि म्हणाले, तू सांग.

रावजी दाराजवळ बसला होता, तो पुढं सरकला. बिल्डिंगीमागची मोकळी जागा बरी, तो म्हणाला; तिथून निघालं की रस्ता एकदाच ओलांडावा लागतो. तिथं लावलेल्या गाड्या हलवायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हज्जींनी त्याच्या छोट्या पेल्यात आणखी कॉफी ओतली, आणि बोलणं पुढं, ढोलकी कुणाची आणायची याकडे वळलं.