आधी समोरच्याचं म्हणणं

आमचे सर वर्गात छत्री उघडत. बाहेर धुळ्याचं रणरणतं ऊन असो की थंडी, वक्तृत्वाच्या तासाला ते मागच्या बाकावर डोळे मिटून बसत, आणि बोलणारा पोकळ शब्दांची बरसात करू लागला की शांतपणे काळी छत्री उघडून डोक्यावर धरत. ‘हे भारतमाते’ म्हणून सुरुवात केली की छत्री हमखास उघडे. बोलणारा भानावर येऊन कामाचं बोलू लागला की ती मिटे. एकदा तर खुद्द मिशनच्या पाहुण्या साहेबांच्या भाषणात ती अर्धी उघडली होती. प्रिन्सिपॉल साहेबांनी डोळे वटारले, तेव्हा सरांनी ती कशीबशी मांडीखाली दाबली.

मिशनने धुळ्याला इंटरपर्यंतचे आर्ट्‌सचे वर्ग काढले होते. इमारत कौलारू, मागे चिंचेचं झाड आणि पलीकडे प्रार्थनामंदिर. एवढ्याशा पसाऱ्याला गावातली टवाळ मंडळी ‘पाद्र्यांचं विद्यापीठ’ म्हणत. आम्हाला त्याचा राग यायचा, पण मनातून आम्हीही स्वतःला विद्यापीठातलेच समजत होतो. इंग्रजी, इतिहास, तर्कशास्त्र, मराठी, आणि आठवड्यातून एकदा वक्तृत्व. मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत मी, चोपड्याजवळच्या एका खेड्यातल्या केळी-कपाशीवाल्या शेतकऱ्याची मुलगी.

सर मूळचे भडगावचे. त्यांच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता. कोट, धोतर आणि तांबडं पागोटं हा त्यांचा वेष कधी बदलला नाही. आमच्याशी ते अगदी शुद्ध बोलत, पण कुणाचा बाप गावाहून भेटायला आला की क्षणात अहिराणीत शिरत. प्रार्थना सांगायची पाळी आली तर दोन वाक्यांत आटपत. कुणी विचारलं तर म्हणत, “देवाला आपल्याहून जास्त तासांना बसावं लागतं. त्याचा वेळ कशाला खायचा?”

त्यांचा एक नियम होता, आणि त्या नियमापायी आम्ही सगळे रडकुंडीला यायचो. वादात उभं राहिलं की आधी समोरच्याची बाजू मांडायची. तीही अशी, की समोरच्याने स्वतः म्हणायला हवं, “हो, हेच माझं म्हणणं.” तो तसं म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायला तोंड उघडायचं नाही. “आपल्या जुन्या पंडितांची रीत आहे ही,” सर सांगत. “आधी पूर्वपक्ष. आपण फक्त विसरलो.”

या नियमाने फार मजा होई. दोंडाईच्याच्या जिनिंगवाल्याचा मुलगा गिरण्यांच्या बाजूने बोलायला उभा राहिला. नियमाप्रमाणे त्याला आधी चरख्याची बाजू मांडावी लागली. ती त्याने इतकी रंगवली की पुढच्या आठवड्यात तो स्वतःच खादीची टोपी घालून आला, आणि त्याच्या वडिलांनी जिनिंगमध्ये आरडाओरडा केला. बायबलच्या तासाला, बापाचा पैसा उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट निघाली, तेव्हा सर म्हणाले, “शेतात राबणाऱ्या थोरल्या भावाची बाजू कोण मांडतो?” सगळा वर्ग उभा राहिला. आम्ही शेतकऱ्यांचीच पोरं, धाकट्याला मेजवानी देणारा तो बाप आम्हाला मुळीच पटला नव्हता. सर मात्र हसून हसून बेजार झाले.

हा नियम घरी चालतो का, असं आम्ही एकदा त्यांना आवारातल्या त्यांच्या घरी विचारलं. सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही बाई म्हणत असू, तिथेच भाजी निवडत होत्या. सर म्हणाले, “चालतो की. तिची बाजू मांडून होते, ती ‘हो’ म्हणते, आणि वाद तिथेच संपतो. माझी बाजू अजून कुणी ऐकलेली नाही.” बाई मान वर न करता म्हणाल्या, “ऐकण्यासारखी असती तर ऐकली असती.”

कॉलेजच्या पहिल्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी माझे वडील, आबा, दमणी जुंपून थेट कॉलेजच्या फाटकात आले. बैल घामाने निथळत होते. आबांनी कुणाला काही विचारलं नाही. वसतिगृहाच्या दाराशी उभं राहून म्हणाले, “चाल यमू, घर चाल. पेटी काढ.” गावात बोभाटा झाला होता की मिशनात पोरगी बाटणार. माझं शिक्षण तिथेच संपलं हे मला कळून चुकलं. आबांशी वाद घालायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच. मी पेटी भरली, गड्याने ती दमणीत ठेवली. तेवढ्यात कुणीतरी सरांना बोलावून आणलं.

सरांनी आबांना चिंचेखाली नेऊन पाणी दिलं; आबा मातीतच बसले, सर बाकावर. “तुम्हनी पोर शे भाऊ, ली जा,” ते म्हणाले. “पन आधी ती काय सांगस ते ऐकी ल्या.”

“ती काय सांगी मास्तर? रडी.”

“नही. ती तुम्हनीच बाजू मांडी.”

आबा बुचकळ्यात पडले. मी वर्गात बोलते तशी सुरू झाले, “माझ्या वडिलांचं म्हणणं असं आहे, की मिशनच्या सहवासात मुलीचा धर्म धोक्यात येतो, आणि समाजात...”

“नही,” आबा म्हणाले. “हाई मन्हं म्हननं नही. हाई लोकस्नं म्हननं शे.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मांड, एवढाच त्याचा अर्थ होता. मी लग्नाचं बोलले, भाऊबंदांचं बोलले. आबा नकाराची मान हलवत राहिले. मग मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेले ते हात गुडघ्यांवर नुसतेच पडले होते, आणि आबांचे हात रिकामे मी कधी पाहिले नव्हते. मला एकदम काहीतरी कळलं, आणि माझ्या तोंडून घरची बोली आली.

“आबाले भेव वाटस,” मी म्हणाले. “यमू शिकी, मोठी व्हई. मंग तिले घरनी बोली गावंढी वाटी. आबा वावरमातून येतीन, वट्टावर बसतीन, पन यमू त्यासना जोडीले बसाव नही. तिले त्यासनासंगे बोलाले काहीच ऱ्हावाव नही.”

आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “हां. हाईच शे.”

“आता यमू,” सर म्हणाले, “तुझी बाजू मांड.”

आबांनी हात वर केला. “थांबा मास्तर. तुम्हना कायदा मालेबी लागू शे ना? मंग तिनी बाजू मी मांडस.”

सर बाकावरून उठले आणि खाली मातीत, आबांच्या समोर बसले.

“हाई पोर न्हानी व्हती तैं कपाशीना ढीगवर उभी ऱ्हाये,” आबा म्हणाले, “आनि सालदारस्ले भाषन देये. आम्ही हासूत. तिले हासू येये नही. तिले लोकस्म्होरे बोलानं शे. आज मी तिले घर ली गऊ ते ती भांडाव नही. गप ऱ्हाई. जलमभर गप ऱ्हाई.” त्यांनी पागोटं सारखं केलं. “कसं यमू?”

मी नुसती मान हलवली.

“मान चालत नाही,” सर म्हणाले. “तोंडाने सांगावं लागतं.”

“हो आबा,” मी म्हणाले, “हेच माझं म्हणणं.”

आबा उठले. गड्याला हाक न मारता त्यांनी स्वतः दमणीतून पेटी उतरवली, खांद्यावर घेतली आणि वसतिगृहाच्या पायरीवर आणून ठेवली. “दिवाळीले लेवाले येसू,” म्हणाले, आणि बैल वळवले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. सर कोटाची माती झटकत मला म्हणाले, “तर्कशास्त्राचा तास सुरू झालाय. जा.”

दिवाळीला आबा खरंच आले, पण दोन दिवस आधी, आणि केळीचा घड माझ्यासाठी नव्हे तर सरांसाठी घेऊन. त्यानंतर दर सुट्टीला तसंच होऊ लागलं. मी पेटी भरून बसायची आणि हे दोघं चिंचेखाली देवावर, गांधींवर, कपाशीच्या वाणावर नियमाप्रमाणे भांडत बसायचे. एकदा सरांनी आमच्या गावच्या महादेवाची बाजू अशी काही मांडली की आबा म्हणाले, “इतलं ते मालेबी म्हाईत नव्हतं.” बाई आतून चहा पाठवायच्या आणि वाद संपेपर्यंत बाहेर यायच्या नाहीत.

पुढे ते वर्ग बंद पडले. मी मुंबईला जाऊन बी. ए. झाले आणि जळगावला मुलींच्या शाळेत शिकवू लागले. सर भडगावला गिरणेकाठी जाऊन राहिले. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, केळीच्या काढणीच्या दिवसांत मी घरी आले होते, तेव्हा सर गेल्याची बातमी आली. आबांनी ती मळ्यातच ऐकली. ते हातातला कोयता घेऊनच घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. भाकरी वाढली तरी उठले नाहीत. आई मला म्हणाली, तूच जा त्यांच्याजवळ.

“यमू,” आबा म्हणाले, “आते मन्ही बाजू मांडाले कोन शे?”

“मी शे ना आबा.”

त्यांनी कोयता बाजूला ठेवला आणि ओट्यावर माझ्यापुरती जागा केली. “मंग मांड,” म्हणाले. मी त्यांच्या जोडीला बसले आणि आमच्या बोलीत बोलू लागले.