वारसा जेवायला बसलाय

आमच्या गल्लीतला भुसा रोज संध्याकाळी झाडून निघतो. किस्से कोण झाडणार? ते साठतच जातात. त्यात बिल्डर आल्यापासून तर विचारूच नका!

बुधवार पेठेत, मागच्या अंगाला आमची गल्ली. मी हार्मोनियम दुरुस्त करतो, म्हणजे पेटीवाला. समोर दत्तोबा नाटकाचे पडदे रंगवतात, शेजारी शालनताई नाटकाचे पोशाख भाड्याने देतात. पुढे तबलेवाला, सुतार. आम्ही सगळे भाडेकरू. हे सगळं पाडून टॉवर उभा राहणार, आणि निम्म्या गल्लीने संमतीच्या सह्याही दिल्यात. उरलेल्यांनी दिल्या की संपलं.

*

बिल्डरचा मॅनेजर आला तो लॅपटॉप उघडूनच. दत्तोबांना म्हणाला, काका, तुम्हाला सातव्या मजल्यावर एसी गाळा. दत्तोबांनी विचारलं, माझा जंगलाचा पडदा तीस फुटी, तो पसरू कुठे? मॅनेजर म्हणाला, कॉमन लॉबी आहे की!

"चालेल," दत्तोबा म्हणाले. "लोकांना रोज जंगलातून लिफ्टकडे जावं लागेल, एवढं सांगून ठेवा."

*

मग आमच्या बाजूची मंडळी आली. कॉलेजची मुलं, 'सेव्ह द लेन' म्हणत हेरिटेज वॉक काढून. गुणी मुलं हो, आमच्यासाठी उन्हात फिरत होती. पण दत्तोबांनी नुकता डबा उघडलेला, आणि दारात हे एवढे मोबाईल! एक मुलगी सगळ्यांना सांगत होती, हा आपला लिव्हिंग हेरिटेज.

दत्तोबांनी घास खाली ठेवला. "वारसा जेवायला बसलाय. अर्ध्या तासाने या."

आली हो बिचारी परत. मग दत्तोबांनी एकेकाच्या हातात ब्रश दिला.

*

शालनताईंची त्यावरही कडी. टॉवरच्या लाँचिंगला बिल्डरला पेशवाई लुक हवा होता. पोशाखांसाठी माणूस कुठे आला? शालनताईंकडेच! म्हणाला, दरबाराचे कपडे द्या. गल्ली पाडायचा समारंभ आणि पोशाख गल्लीतलेच! मला वाटलं, ताई हाकलून देणार. त्यांनी शांतपणे गठ्ठा बांधून दिला. लाँचिंगला दारात स्वागताला उभे होते ते सगळे कौरव. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी विचारलं, तर ताई म्हणाल्या, "दरबाराचे कपडे मागितले होते. कुठल्या दरबाराचे, ते सांगितलं नव्हतं."

*

हसतो आम्ही, पण सह्या वाढतच चालल्यात. परवा तबलेवाल्यानेही सही केली. मुलाला वारज्यात फ्लॅट घ्यायचाय. त्याला दोष कसा देणार? पण मला रडू आलं, खरं सांगतो.

*

आणि हे मागच्या आठवड्यातलं. मी सूर लावायला बसलो की दाराला लाल फडकं अडकवतो. ते दिसलं की सुताराचा हातोडा थांबतो, तबल्यावरचा हात थांबतो, कुणी बोलतसुद्धा नाही. आमच्याकडची रीतच आहे ती.

तर फडकं लावलेलं, गल्ली चिडीचूप, आणि दारात खुद्द बिल्डर! मॅनेजर नाही, फाईल नाही. ड्रायव्हरच्या हातात एक जुनी पेटी. रीत त्याला कुठली ठाऊक? बोलायलाच लागला. पेटी आईची आहे, ती गेल्यापासून बंदच होती, आता मुलगी शिकायचं म्हणतेय.

मी पेटी उघडली. भाता फाटलेला, आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या काळवंडलेल्या. म्हटलं, दोन महिने तरी लागतील.

"चालेल, घाई नाही," तो म्हणाला. "दोन महिन्यांनी तुम्ही इथेच असाल ना?"

सगळ्या गल्लीने ऐकलं. दत्तोबा आणि शालनताई आपापल्या दारात येऊन उभे राहिले. मी पेटी मिटली.

"ते आम्ही तुम्हालाच विचारणार होतो, शेठ."